आंब्यावरची वेणी

माझ्या वडिलांचा हात कोयत्यावर फार चांगला बसलेला होता. शहाळं ते बोलता बोलता सोलत, समोरच्याकडे बघत, आणि पाण्याचा एक थेंब सांडत नसे. त्याच हातानं ते आईला मारत. गावात दोन्ही गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या, पण बोलणं व्हायचं ते फक्त शहाळ्याबद्दल. ते दारू पीत नसत. हे ऐकून लोकांना नवल वाटतं, कारण दारू म्हटली की सगळ्यांची सोय होते. माझे वडील शुद्धीवर मारायचे.

आमची वाडी अलिबागच्या दक्षिणेला, समुद्राला इतकी जवळ की भरतीचा आवाज स्वयंपाकघरात यायचा. नारळ, सुपारी, मधे केळी आणि विहिरीवर एक रायवळ आंबा. त्याची एक जाड फांदी कपडे धुवायच्या दगडावर आडवी आली होती आणि त्या फांदीवर एक वेगळंच झाड बसलेलं होतं. आई लग्न होऊन आली तेव्हाही ते तिथं होतं. वर्षभर कुणी त्याकडे बघत नसे. जाड, लांबट, मधोमध पन्हळीसारखी दुमडलेली पानं. पानाचं टोक उंदरानं कुरतडल्यासारखं, दोन बाजूंना दोन असमान दात. खाली फांदीला विळखा घातलेली करंगळीएवढी जाड, राखी मुळं, त्यांतली काही नुसतीच हवेत लोंबणारी. आणि मे संपता संपता त्या पानांच्या बेचक्यातून हातभर लांबीचा गच्च तुरा खाली लोंबायचा. पांढरी फुलं, त्यांवर जांभळट गुलाबी ठिपके, एकाला एक चिकटून, विणल्यासारखी. बायका त्याला सीतेची वेणी म्हणत आणि केसांत माळायला मागून नेत.

आई द्यायची. स्वतः कधी माळत नसे. मी शाळेत असताना एकदा बांगड्याच्या कालवणात मीठ जास्त पडलं. घरी पाव्हणे होते. वडिलांनी ताट सरकवलं, आत गेले आणि आईला वेणीला धरून चुलीपासून अंगणापर्यंत फरफटत आणलं. पाव्हणे जेवत राहिले. एकानं तर अजून भात मागितला, आणि तो मला वाढावा लागला. त्या दिवसापासून आई केसांचा घट्ट अंबाडा बांधू लागली, हाताला लागणार नाही असा.

पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकले. त्या झाडामुळे शिकले असं सांगायला बरं वाटेल, पण खरं म्हणजे घरापासून लांब राहायला मिळेल अशी तीच एक जागा मिळाली होती. तिथं मला कळलं की आमच्या विहिरीवरच्या झाडाचं शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा आहे. आपल्याकडे आंब्यावर दिसतात म्हणून या सगळ्या ऑर्किडांच्या कुळालाच आमरी म्हणतात. शास्त्रीय नावातला पहिला शब्द फुलाच्या आतल्या चोचीवरून आला, दुसरा पानाच्या त्या कुरतडलेल्या टोकावरून. चोचीखाली पराग असतो, पण पूड नाही, मेणासारख्या चिकट गोळ्या. माशी आत शिरली की गोळी तिच्या डोक्याला चिकटते आणि ती तशीच घेऊन तिला पुढे जावं लागतं. शेंग धरते ती महिनोन् महिने पिकते आणि फुटली की धुळीसारखं बी उडतं. त्या बियाजवळ स्वतःचं अन्न काही नसतं. सालीवरची बुरशी त्यात शिरते, आणि आमचे शिक्षक म्हणायचे की दोघं मिळून जगतात. प्रत्यक्षात बी त्या बुरशीला आत घेतं आणि तिलाच पचवून मोठं होतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

वडिलांचं शास्त्र एवढं लांबलचक नव्हतं. आंब्यावर उगवलेलं आणि आंब्याचं नसलेलं जे काही असेल ते बांडगूळ. आमच्या भागात दिवाळीनंतर, मोहोर धरायच्या आधी, बांडगुळं काढायचीच असतात आणि ती काढायची रीतही ठरलेली आहे. बांडगुळाचं बी पक्ष्याच्या विष्ठेतून फांदीला चिकटतं आणि त्याचं मूळ लाकडात घुसून झाडाचा रस पितं. वरची पानं तोडून उपयोग नाही, आतल्या मुळापासून ते पुन्हा फुटतं. म्हणून त्याच्या खाली हातभर अंतर सोडून अख्खी फांदीच उतरवायची. वडील या कामात तरबेज होते. पण ती विहिरीवरची फांदी मोठी होती, आंबे चांगले द्यायची, म्हणून वर्षानुवर्षं ती वाचली होती.

मी त्यांना समजावलं नाही असं नाही. हे बांडगूळ नव्हे, हे झाडाचा थेंबभर रस पीत नाही, नुसतं सालीवर बसतं, मुळावरच्या आवरणात पावसाचं आणि दवाचं पाणी धरतं. सगळं सांगितलं, आवाज चढवून सांगितलं.

"तू पोरांना शिकव," ते म्हणाले. "माझ्या झाडाचं मला कळतं. एक झाडाच्या जिवावर बसलंय, एक माझ्या."

ही दुसरी म्हणजे आई. नारळ गोळा करणं, झावळ्या विणणं, हिरांचे झाडू करणं, भल्या सकाळी टोपली घेऊन अलिबागच्या बाजारात बसणं, हे सगळं ती करायची. वडील कोयता चालवायचे.

त्या वर्षी आंब्याला मोहोर नावालाच आला होता. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा वडिलांनी ठरवूनच टाकलं होतं की या खेपेला झाड साफ करायचं. सकाळीच ते कोयता कमरेला अडकवून वर चढले. खरी बांडगुळं धडाधड खाली पडत होती. मी पडवीत आंबे उतरवायच्या जुन्या झेल्याच्या बांबूला दोरी गुंडाळत बसले होते आणि आई दगडावर चादरी धूत होती. मग घाव थांबले. वडील त्या जाड फांदीच्या बुंध्याशी येऊन बसले होते.

आईनं वर पाहिलं. "त्याला हात लावू नका. ते बांडगूळ न्हाय."

त्यांना 'नका' म्हणताना मी तिला आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"बाजूला हो," वडील म्हणाले.

"मी न्हाय हलत. मारायचा तं मारा कोयता."

त्यांनी मारला. मला वाटलं भीती घालतायत. पण फांदीच्या बुंध्यावर घाव पडतच राहिले, ढलपे आईच्या ओल्या केसांवर पडत होते आणि ती मान वर करून तशीच उभी. मी धावले. मी निम्म्या अंगणात असताना फांदी करकरली आणि खाली आली. आईच्या डाव्या खांद्यावर आली. हाड मोडल्याचा आवाज सुक्या झावळीसारखा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. ती किंचाळली नाही. दगडावर बसली, चादरींच्या ढिगावर, आणि डावा हात उजव्या हातानं धरून ठेवला.

वरून आवाज आला, "सांगितलं होतं, बाजूला हो."

ते खाली उतरले. मला वाटलं तिला उठवतील. ते तिच्या शेजारून गेले, फांदीजवळ उकिडवे बसले आणि त्या वेणीच्या झाडावर कोयता उगारला. झेल्याचा बांबू माझ्या हातातच होता. मी तो दोन्ही हातांनी घातला. पहिला फटका त्यांच्या मनगटावर बसला आणि कोयता उडून विहिरीत गेला. दुसरा पाठीवर. दुसऱ्याची काहीच गरज नव्हती, तरी मी तो मारला, आणि आजवर मला त्याचं कणभरही वाईट वाटलेलं नाही. उलट तिसरा का मारला नाही असं अधूनमधून वाटतं.

मी रिक्षा बोलावली. तिला बसवायला गेले तर ती बसेना.

"फांदी घे," ती म्हणाली.

मी ओरडले. तुझा खांदा मोडलाय, तुला कळतंय का. तिचे ओठ पांढरे पडले होते, घाम गळत होता, पण एक पाय रिक्षात आणि एक पाय बाहेर अशी ती ठाम उभी राहिली. शेवटी पडताना मोडलेल्या फांदीचा, वेणीचं झाड बसलेला दोन हातांचा तुकडा मी आणि रिक्षावाल्यानं मागे कोंबला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की झाडाला ओरखडासुद्धा आलेला नाही. वडिलांनी नुसती पानं तोडली असती किंवा ते ओरबाडून काढलं असतं तर मुळं तुटून ते संपलंच असतं. पण त्यांनी रीतीप्रमाणे, बांडगुळाला मारतात तसं, खाली अंतर सोडून अख्खी फांदी उतरवली होती. एकूण एक मूळ जागच्या जागी होतं.

वडील पायरीवर मनगट चोळत बसले होते. ते आईला म्हणाले, "ने. ने ती फांदी. झाडापासून तुटली, आता महिन्यात सुकंल. बांडगूळ हाय ते, दुसऱ्याच्या जिवावर जगतं. ते मेलं का तू पण येशील गुमान घरी."

"मेलं तं येईन," आई म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. आईनं सांगितलं, फांदी पडली. मी पुढं बोलायला तोंड उघडलं तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

अलिबागच्या जरा बाहेर दुसऱ्या मजल्यावर माझं घर आहे. मी कॉलेजात शिकवते आणि एकटी राहते. लग्न का केलं नाही हे आमच्या घरात दोन दिवस काढलेल्या कुणालाही सांगावं लागलं नाही. गॅलरीच्या लोखंडी जाळीला मी ती फांदी तारेनं बांधली. गळ्यात झोळी अडकवलेला हात घेऊन आई रोज उठल्या उठल्या तिच्यासमोर जाऊन उभी राहायची. मी तिला पुन्हा पुन्हा सांगत होते, फांदी मेली तरी याचं काही बिघडत नाही, याला झाड नको, बसायला जागा हवी. ती मान डोलवायची, पण तिचा विश्वास नव्हता. इतकी वर्षं तिनं ते बांडगूळ नव्हे असं मनात धरलं होतं, आणि आता ती घाबरली होती की बहुतेक नवऱ्याचंच खरं.

एकदा मी चिडले. एका झाडावर कसली पैज लावतेस, ते जगो की मरो, तू परत जायचं नाहीस.

तिनं झोळीतला हात सावरला. मग म्हणाली, "तुझ्याकडं शिक्षण हाय, पगार हाय. माझ्याकडं काय हाय, बाय? ह्या वयात तुटल्यावर जगता येतं का न्हाय, ते मला पण बघायचंय."



उन्हाळा वाईट गेला. पानांना सुरकुत्या पडल्या, खालची दोन गळली. मी शिकवते तीच ही वनस्पती, पण वर्गात फळ्यावर काढणं वेगळं आणि आईचं आयुष्य जिच्यावर टांगलंय तिला पाणी मारणं वेगळं. जास्त पाणी झालं तर मुळं कुजतात, कमी झालं तर सुकतात. मुळांची हिरवी टोकं, जिथून ती वाढतात, ती कुणीतरी खाऊ लागलं. गोगलगायी होत्या, शंख नसलेल्या, बुळबुळीत. मी त्या चपलेनं चिरडत असे. आई त्यांच्यावर मीठ टाकायची आणि त्या विरघळून जाईपर्यंत कठड्याला टेकून बघत राहायची. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसायचं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते आवडायचं.

मे संपला तरी तुरा आला नाही. मग जूनच्या सुरुवातीला वादळ आलं. समुद्राकडून वारा आला तो थांबेचना. समोरच्या घराचे पत्रे उडून आमच्या भिंतीवर आपटत होते. गॅलरीचं दार बिजागरीतून निघालं, तार तुटली आणि ती फांदी सुटून भिंतीवर, जाळीवर, पुन्हा भिंतीवर आदळत राहिली. आई तिच्याकडे निघाली. मी तिला कमरेला धरून मागे ओढलं, तिनं माझ्या हाताला चावा घेतला, तरी मी सोडलं नाही. आम्ही दोघी स्वयंपाकघरात ओट्याखाली बसलो आणि तो आवाज ऐकत राहिलो. वारा पडल्यावर पाहिलं तर फांदी कोपऱ्यात काचांमध्ये पडली होती. पानं मधोमध मोडलेली, कोंबाजवळची तीनच शिल्लक. मी ती उचलून परत तारेनं बांधली. आई एका हातानं काचा वेचू लागली.

रस्ते मोकळे झाल्यावर मामा आला, आईचा धाकटा भाऊ. भल्या मनाचा माणूस, पण दुसऱ्याच्या संसारात भलेपणा करणारा.

"दाजींची वाडी झोपली," तो म्हणाला. "माड पडले, तो विहिरीवरचा आंबा पण मुळापासून उपटला. घरात एकटेच बसल्यात. जेवाय घालायला कोण न्हाय. आता तरी चल, ताई." मग त्याचं लक्ष गॅलरीकडे गेलं. "आणि ते तं मेलंच की."

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो ऐकून घेत राहिला. आणि मी बोलत असताना आई उठली, कपाटावरून पिशवी काढली आणि तिच्यात लुगडी भरू लागली. डावा हात वर जात नव्हता म्हणून एकेक घडी उजव्या हातानं, सावकाश. ती रडत नव्हती. ती शब्दाची बाई होती आणि शब्द पाळत होती.

मी तोंड बंद केलं. तांब्या भरला, गॅलरीत गेले आणि त्या राखी, मेल्यासारख्या दिसणाऱ्या मुळांवर ओतला.

"इकडं ये," मी तिला म्हणाले. "बघ."

ती आली. मामाही आला. या मुळांवरचं आवरण स्पंजासारखं असतं. कोरडं असताना राखी दिसतं आणि पाणी प्यालं की आतला हिरवा रंग वर येतो. मेलेलं मूळ कितीही भिजवलं तरी हिरवं होत नाही. आमच्यासमोर एक मूळ टोकाकडून गडद होत गेलं, मग शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं. वारा आडवा लागल्यावर पीक हलतं तसा तो हिरवा रंग मुळांवरून सरकत गेला. आणि एकाच्या टोकाला तांदळाएवढा नवा हिरवा कोंब होता. तो मीही आधी पाहिला नव्हता.

आईनं बोट पुढं केलं, पण लावलं नाही. मग आत जाऊन तिनं लुगडी परत कपाटात ठेवली. मामा अर्धा चहा टाकून गेला.

त्यानंतर तिनं परत जायचं बोलणं काढलं नाही. खांदा वाकडाच जुळला. टोपली आता डोक्यावर घेता येत नव्हती, म्हणून ती मांडीवर घेऊन रिक्षानं बाजारात जायची आणि बसायची. झाड हळूहळू सुधारलं. वरून नवं पान, बगलेतून नवं मूळ, असंच ते वाढतं, एकाच दिशेनं, वर. मुळं फांदी सोडून लोखंडी जाळीकडे वळली. मी त्यांना वळवलं नाही, ती आपणहून गेली आणि गजांना चिकटून चपटी झाली.

पुढच्या वर्षीही तुरा आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी, मे महिन्यात, आला. पूर्वीएवढा लांब नव्हता, पण आला. आईनं खुर्ची गॅलरीत नेली आणि दिवसभर तिथंच बसली. बातमी मामानं नेली असणार, कारण फुलं पूर्ण उमलल्यावर दोनच दिवसांनी, सकाळी, दारावर वडील आले.

जिने चढून त्यांना धाप लागली होती. वाळले होते. आईनं दार उघडलं आणि बाजूला झाली. ते तिच्याशी न बोलता सरळ गॅलरीत गेले. मी मागोमाग.

ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी फांदीला अंगठा लावला. वाळवीनं ती आतून खाल्ली होती. अंगठा आत गेला आणि भुसा खाली गळला. झाडाच्या माणसाला याहून वेगळा पुरावा लागत नाही.

"फांदी तं कवाच मेली," ते म्हणाले. "मग हे कुणाच्या जिवावर जगतंय?"

"कुणाच्या न्हाय," आई म्हणाली.

त्यांनी तुरा धरला आणि हिसडला. फुलं माझ्या पायाशी पडली. मी पुढं झेपावले, पण आईनं आपला चांगला हात माझ्या छातीवर आडवा धरला. त्या हातात इतका जोर होता की मी जागची हलले नाही. वडिलांनी मग अख्खं झाडच दोन्ही हातांनी धरून ओढलं. भुसभुशीत फांदी फुटून खाली पडली. झाड हललं नाही. मुळं गजांवर बसली होती. त्यांनी पुन्हा जोर केला, हात सटकला आणि गंजक्या जाळीच्या धारेवरून फिरला. तळवा आडवा फाटला. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं आणि लादीवर टपकू लागलं. शहाळं सोलणारा तो हात त्यांनी डोळ्यांसमोर धरला आणि दुसऱ्याचा असावा तसा त्याच्याकडे बघत राहिले.

आईनं जाऊन दार सताड उघडलं.

"घरी जाऊन हळद लावा," ती म्हणाली.

ते गेले. जिन्यावर खालपर्यंत त्यांचे पाय वाजत होते. आईनं दार लावलं, कडी घातली, मग गॅलरीत येऊन तो तुरा उचलला. झटकला. वरची थोडी फुलं चुरगळली होती, बाकीची शाबूत होती. आरशासमोर उभं राहून तिनं अंबाडा सोडला. केस आता पांढरे आणि विरळ झाले होते. डावा हात वर जात नव्हता म्हणून वेणी मला घालावी लागली आणि तुरा मी माळला. तशीच ती बाजारात गेली.

मी लादीवरचं रक्त पुसलं. येताना तिनं बांगडे आणले होते, मासेमारीची बंदी लागायच्या आधीचे. त्या दुपारी कालवणात मीठ जास्त झालं. पहिल्या घासालाच दोघींच्या ते लक्षात आलं. आई म्हणाली, "खारट झालंय गं," आणि अजून थोडं वाढून घेतलं.